विंगेतून आलेली कबुली

आमच्या नाटक कंपनीत त्यांना सगळे कुजबुजे म्हणत. खरं आडनाव वेगळं होतं, पण ते फक्त पगाराच्या दिवशी बाहेर निघे. पुढे पोस्टमनलाही तेच आडनाव वाटायला लागलं आणि खोलीच्या दारावर रंगाऱ्याने तेच रंगवून टाकलं. त्यांनी ते पुसलं नाही. म्हणाले, "असू दे बाई. इतकं वळणदार अक्षर आहे, पुसायचं जिवावर येतं."

ते आमचे प्रॉम्प्टर होते. विंगेत, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या कोपऱ्यात बुटक्या स्टुलावर बसायचं आणि नट अडला की त्याला पुढचा शब्द पुरवायचा, हे त्यांचं काम. नाटक रंगलं की टाळ्या आम्हाला. नाटक पडलं की, "प्रॉम्प्टर कुठे मेला होता?" त्यांची कुजबुज अशी की नटाच्या कानात वाक्य पोहोचायचं आणि पहिल्या रांगेला वाटायचं, कुठूनतरी वारा आला.

एकदाच ती वाट चुकली. आमच्या एका नाटकात मी राणी होते. मुलगा लढाईत गेल्याची बातमी येते, शत्रू वेशीशी आलेला असतो आणि सेनापती विचारतो, दरवाजे बंद करू का? राणीने थांबायचं आणि मग म्हणायचं, "दार लावू नका. जाणारा गेला, पण यायचं कुणीतरी राहिलं असेल." पहिल्या प्रयोगाला मी तिथे असा विराम घेतला की नाट्यगृहात कुणी श्वास घेईना. आणि त्या शांततेत विंगेतून आवाज आला, "दार लावू नका." तिसऱ्या रांगेतला एक गृहस्थ मोठ्याने म्हणाला, "नका लावू म्हणतात तर!" झालं. राज्य गेलं, मुलगा गेला आणि सगळं नाट्यगृह खदखदा हसतंय.

दुसऱ्या दिवशी त्याच जागी मी खरोखरच विसरले. डोकं कोऱ्या पाटीसारखं. विंगेकडे तिरकी नजर टाकली, तर कुजबुजे ओठांवर बोट ठेवून डोळे मिटून बसलेले. मी काहीतरी पुटपुटले आणि आत पळाले. ते धावत आले आणि म्हणाले, "काय विराम घेतलात बाई! काटा आला अंगावर."

त्यानंतर आमची खूण ठरली. विसरले तर मी डाव्या कानातल्याला हात लावायचा. हात खाली असेल तर तो विराम, मग कितीही वेळ लागो. "चेहरा दिसला की मला कळतं," ते म्हणाले होते, "पण तुम्ही पाठमोऱ्या असता. पाठीवरून विसरणं आणि थांबणं सारखंच दिसतं." ती खूण पुढे कधी चुकली नाही. आमची कंपनी बुडाली, नाट्यगृहात फर्निचरचं दुकान आलं, तोपर्यंत.

कुजबुज्यांनी लग्न केलं नाही. थोरल्या भावाबरोबर ते एका लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत राहत. खिडकीतून दिवसभर इस्त्रीची वाफ वर यायची, त्यामुळे त्यांच्या घराला नेहमी नुकत्याच धुतलेल्या दुसऱ्यांच्या कपड्यांचा वास असे. भाऊ मोटार ड्रायव्हिंग शिकवायचे. झोपेतही "ब्रेक! ब्रेक!" असं ओरडायचे. कुजबुजे त्यांना दादा म्हणत आणि गमतीने सांगत, "आमच्या घराण्यात दोघांनीही जन्मभर शेजारी बसून दुसऱ्यांच्याच गाड्या हाकल्या."

म्हातारपणी दादांना दोन गोष्टी हव्या झाल्या. डोळ्याचं ऑपरेशन, आणि ते झाल्यावर नव्या डोळ्यांनी बघायला मोठा टीव्ही. दोन्हीसाठी त्यांनी एका वित्त कंपनीकडून कर्ज घेतलं. कंपनीचा माणूस घरी आला, दादांनी सही केली. कुजबुजे तेव्हा गॅसपाशी चहा करत होते. टीव्ही आला. तो खोलीच्या मानाने इतका अवाढव्य होता की बातम्या देणारी बाई जेवायलाच बसली आहे असं वाटायचं. काही महिने दोघा भावांनी तिच्याशी वाद घालत मजेत काढले. मग एका दुपारी दादा खुर्चीत बसल्या बसल्या गेले. टीव्ही चालूच होता.

पुढचं मला मागाहून कळलं, तुकड्यातुकड्याने. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, माझे गुडघे कामातून गेलेले आणि त्यांचा जिना उभा. महिना-दीड महिन्यातून एकदा जायची. ते दोन कप मांडायचे, मग एक उचलून ठेवायचे, मग मी आहे हे लक्षात येऊन पुन्हा मांडायचे. मला वाटायचं, दुःख आहे, ओसरेल. फोनचं ते मला तेव्हा बोलले नाहीत.

फोन सुरू झाले होते. आधी पुरुषांचे.

"बंधूंचं येणं बाकी आहे."

"ते वारले हो."

"मग तुम्ही भरा. सख्खे भाऊ ना? का रक्ताचं नातं रडण्यापुरतंच?"

कुजबुजे गप्प बसले, तर त्या लोकांनी खाली लॉन्ड्रीत फोन लावला. लॉन्ड्रीवाला गिऱ्हाइकांसमोरच ओरडून म्हणाला, "आजोबा, तुमचा निरोप! कोणीतरी म्हणत होता, वरच्या बुडव्याला सांगा. मी म्हटलं, बाबा, इथे फक्त कपडे बुडवतात!" तो विनोद करत होता. माणूस वाईट नव्हे. पण गिऱ्हाइकं वर पाहायला लागली, आणि ज्या माणसाने सारं आयुष्य कुणाच्या नजरेला न पडण्यात काढलं, तो जिन्याच्या मध्यावर दुधाची पिशवी घेऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाऊन हप्ता भरला. मग पुढचाही. त्यांचं पेन्शन म्हणजे चिमणीचा घास. त्यातून हप्ता गेला की भाडं थकायचं. घरमालक आधी हसून आठवण करत होता, मग नुसतीच आठवण करायला लागला. तरी कंपनीला ते पुरेसं नव्हतं. उरलेलं कर्ज, त्यावरचं व्याज, दंड, दंडावरचं व्याज. फोन येतच राहिले.

आणि एके दिवशी फोनवर बाईचा आवाज आला. नवखा, घाबरलेला.

"नमस्कार सर. मी कंपनीतर्फे बोलत आहे. आपल्या खात्यावर... आपल्या खात्यावर..."

"थकबाकी," कुजबुजे हलकेच म्हणाले.

"हो. थकबाकी दिसत आहे. ती न भरल्यास आपल्यावर..."

तिकडून कागद चाळल्याचा आवाज.

"कायदेशीर कारवाई."

"कायदेशीर कारवाई करण्यात येईल. थँक यू सर."

"सहकार्याबद्दल आभार राहिलं," कुजबुजे म्हणाले. "आधीचे लोक शेवटी तेही म्हणायचे."

तिला हसू फुटलं. "तुम्ही पण कॉल सेंटरला होता का काका?"

"नाही गं. नाटकात."

"अय्या! हिरो होता?"

"हिरोला काय बोलायचं ते सांगणारा होतो."

अशी त्यांची ओळख झाली. ती दिवसाआड फोन करायची, कधी रोजही. आधी ठरलेली दोन वाक्यं म्हणायची, ती म्हणावीच लागत, आणि मग विचारायची, "काका, जेवलात का?" तिला खोकला होता. दिवसभर बोलून घसा बसायचा. कुजबुज्यांनी तिला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या, पोटातून श्वास कसा घ्यायचा ते शिकवलं. "तुझा आवाज वाक्याच्या शेवटी पडतो," ते तिला म्हणाले. "शेवटचा शब्द म्हणजे पाहुणा. त्याला दारापर्यंत सोडायला जायचं."

काही दिवसांनी ती आनंदाने म्हणाली, "काका, काल एकाने अख्खी रक्कम भरली! आमचे साहेब म्हणाले, हिच्या आवाजात वजन आलंय."

हे मला मागाहून सांगतानाही कुजबुज्यांचा चेहरा शिष्येला पहिलं बक्षीस मिळाल्यासारखा होता. ते वजन कुठल्यातरी दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कुणाच्या मानेवर पडलं असेल, हे त्यांच्या मनात आलं नव्हतं. माझ्या आलं, पण मी बोलले नाही. त्या दिवसांत ते सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, नाट्यगृहातून आणलेल्या त्याच बुटक्या स्टुलावर फोनजवळ बसायचे. दुपारपर्यंत घंटा वाजली नाही तर रिसीव्हर उचलून बघायचे, फोन चालू आहे ना. खोलीत टीव्ही होता, पण तो त्यांनी लावला नाही. म्हणायचे, "ती बातम्यांवाली कधी अडत नाही. तिला माझा काय उपयोग?"

मग एक दिवस तोच आवाज, पण अनोळखी झालेला.

"सर, हा कॉल रेकॉर्ड होत आहे."

"बरं," कुजबुजे म्हणाले. ती 'काका' म्हणाली नाही हे त्यांच्या लक्षात आलं.

"आपल्या बंधूंनी घेतलेलं कर्ज हे..."

आणि ती थांबली. तिच्या मागे लांबून एका पुरुषाचा आवाज काहीतरी म्हणाला.

"आपल्या बंधूंनी घेतलेलं कर्ज हे..."

पुन्हा शांतता. तिचा श्वास ऐकू येत होता, वरवरचा, छातीतला. शिकवलेलं सगळं विसरली होती. ती वाक्य विसरली होती, की ते त्यांच्या तोंडून यावं म्हणून तिने जागा सोडली होती, की तिला ते म्हणवत नव्हतं? कुजबुज्यांना तेव्हा कळलं नाही आणि पुढेही कधी कळलं नाही. फोनवर ना चेहरा, ना कान. पण समोरचं माणूस अडलंय आणि शांतता वाढते आहे, एवढं पुरे होतं. चाळीस वर्षांची सवय कुणाला विचारून थोडीच तोंड उघडते?

"माझं आहे," ते कुजबुजले, "आणि ते मी पूर्ण फेडीन."

"थँक यू सर," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

आठवड्याभरात पत्र आलं. आपण कर्ज स्वतःचं असल्याचं मान्य केलं आहे, सबब सर्व रक्कम एकदम भरावी. त्याच दरम्यान घरमालक वर आला आणि म्हणाला, थकलेलं भाडं महिनाअखेरपर्यंत, नाहीतर खोली रिकामी करा. त्याला भाचा ठेवायचाय.

मला हे कसं कळलं? मी गेले होते. चहा झाला. कुजबुजे सहज विचारावं तसं म्हणाले, "बाई, तुमच्या ओळखीत म्हाताऱ्या माणसाला ठेवून घेणारी एखादी जागा आहे का? फार मोठी नको. स्टूल मावलं की झालं."

मग मी खोदून खोदून विचारलं. सगळं ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले ती गुडघे विसरून उठले. "चला!"

"कुठे?"

"कुठे ते मला माहीत नाही, पण चला!"

लॉन्ड्रीवाल्याने सांगितलं कुठे. "मावशी, वाचनालयाच्या माडीवर ग्राहक तक्रार कक्ष आहे. माझं इस्त्रीचं मशीन परत घ्यायला लावलं होतं त्यांनी." जाता जाता तो कुजबुज्यांना खालच्या आवाजात म्हणाला, "आजोबा, त्या दिवशी मी जरा जास्तच बोललो."

माडीवर एकच टेबल होतं आणि टेबलामागे खोकल्याच्या गोळ्या चघळणारे एक अधिकारी. मी दारातूनच सुरुवात केली. अन्याय, वृद्धत्व, निर्दयी जग. आवाज अजून आहे माझा. खाली वाचनालयातली माणसं जिन्यात गोळा झाली.

"बाई," अधिकारी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात घेत म्हणाले, "खाली बसा. इथे पडदा पडत नाही. कर्जावर सही कोणाची?"

"दादाची," कुजबुजे म्हणाले.

"तुम्ही जामीन होता? कुठल्याही कागदावर तुमची सही?"

"नाही. मी चहा करत होतो."

"दादांनी मागे काय ठेवलं?"

कुजबुज्यांनी विचार केला. "टीव्ही. काळा चष्मा. आणि एक शिट्टी."

अधिकारी पहिल्यांदाच वर पाहून हसले. मग सावकाश, लहान मुलाला गणित सांगावं तसं सांगायला लागले. कर्ज सही करणाऱ्याचं. तो गेला, तर त्याने मागे जे ठेवलं त्यातून कंपनीने काय मिळतं ते बघावं. नुसता भाऊ आहे म्हणून भाऊ बांधला जात नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांना फोन करून अब्रू काढायचा त्यांना अधिकार नाही. धमकी द्यायचा नाही. आणि कुणी पैसे मागायला आला, तर आधी लेखी पुरावा दाखव, असं म्हणायचा हक्क ज्याच्याकडे मागितले त्याचा.

"तुम्ही मागितला होता पुरावा?"

"मला मागता येतो हे माहीत नव्हतं."

"बरोबर आहे. तेही आपणहून सांगत नाहीत." त्यांनी अर्ज पुढे सरकवला. "इथे सही करा. चौकशी होईल. त्यांना लेखी कळवतो, यापुढे तुम्हाला फोन करायचा नाही. फोन बंद होतील."

मी विजयी मुद्रेने कुजबुज्यांकडे पाहिलं. त्यांनी पेन उचललं होतं. ते तसंच हातात राहिलं.

"सगळेच?" त्यांनी विचारलं.

त्या दिवशी त्यांनी सही केली नाही. विचार करतो म्हणाले. वाचनालयाच्या पायऱ्यांवर मी त्यांना गाठलं.

"कुजबुजे, खोली जातेय तुमची!"

"हो."

"मग?"

"खोली राहील बाई. पण खोलीत मग ऐकायचं कुणाला?"

"ती बाई? अहो, तिनेच तर तुम्हाला पाण्यात ढकललं! जेवलात का विचारायचे पैसे मिळतात तिला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "तुम्हालाही राणीचे पैसे मिळायचे. म्हणून तुमचं रडणं खोटं होतं का?"

यावर माझ्याकडे वाक्य नव्हतं. आणि त्यांनीही ते पुरवलं नाही.

दोनच दिवसांनी त्यांचा मला फोन आला. ते कधी आपणहून फोन करत नसत. म्हणाले, "सही करून आलो." मी विचारलं, असं काय झालं? तर ती कबुली दिल्यापासून त्या बाईचा आवाज आलाच नव्हता. पुन्हा ते पुरुषच. त्यातल्या एकाला यांनी धीर करून विचारलं होतं, त्या बाई आजारी आहेत का, खोकला होता त्यांना. तो म्हणाला, "कोणत्या बाई? इथे पन्नास बाया आहेत. कबुली मिळाली की फाइल पुढे आमच्याकडे येते."

"फाइल पुढे आली म्हणाला," कुजबुजे मला म्हणाले. "म्हणजे तिचा प्रवेश संपला." आणि जरा थांबून, "खोकला बरा झाला असेल ना बाई?"

चौकशीच्या दिवशी मी ठेवणीतली मोत्यांची कानातली घातली. आपला माणूस मंचावर जाणार तर आपणही नटून जावं. कंपनीचा प्रतिनिधी आला होता. चुणचुणीत गृहस्थ, बुटांना आरसा लावल्यासारखी चकाकी. त्याने टेबलावर एक छोटं यंत्र ठेवलं आणि ते लावलं.

आधी तिचा आवाज. "घेतलेलं कर्ज हे..." मग शांतता. मग नुसती खरखर.

"ऐकू येत नाही," अधिकारी म्हणाले.

प्रतिनिधीने आवाज वाढवला. आणखी वाढवला. मग ती कुजबुज आली. "माझं आहे, आणि ते मी पूर्ण फेडीन." ज्या आवाजाने आयुष्यभर पहिल्या रांगेपलीकडे जायचं नाही अशी शिस्त पाळली, तो आता सगळ्या माडीवर घुमला. कुजबुज्यांनी मान खाली घातली. मी मात्र तो आवाज ओळखला. तो कुणाच्याही मालकीचा नसलेला, सपाट, दुसऱ्याच्या तोंडात द्यायचा आवाज होता. त्याच आवाजात मला किती राज्यं, किती नवरे, किती मरणं मिळाली होती.

"म्हणजे," प्रतिनिधी गोड आवाजात म्हणाला, "कर्ज आपलं आहे हे आपण स्वतःच्या तोंडाने सांगितलंत. आणि आता उरलेली रक्कम आपण..."

आणि तो थांबला. भुवया वर करून, पेन हवेत धरून थांबला. कसलेला होता. त्याला माहीत होतं की माणसांना शांतता सोसत नाही.

मी कुजबुज्यांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते. शब्द दातांपर्यंत आलेला मला दिसला. इतकी वर्षं तेच ओठ विंगेतून पाहिले होते मी, चुकेन कशी? त्यांनी घाबरून माझ्याकडे पाहिलं.

मी दोन्ही हात मांडीवर ठेवले. नीट दिसतील असे. कानाच्या आसपाससुद्धा नेले नाहीत.

त्यांनी माझे हात पाहिले. मग माझे कान. ओठ मिटले.

शांतता वाढत गेली. पंखा फिरत होता. अधिकाऱ्यांच्या तोंडात गोळी दातावर आपटल्याचा आवाज झाला. खाली कुणीतरी पुस्तकाचं पान उलटलं असेल तर तेही ऐकू आलं असतं. प्रतिनिधीचं पेन हळूहळू खाली आलं. मी पुष्कळ विराम घेतले आहेत आयुष्यात, पण तसा एकही मला जमला नव्हता.

"उत्तर आलेलं नाही," अधिकारी म्हणाले आणि तसं लिहून घेतलं. "आता माझा प्रश्न. यांच्या सहीचा कागद?"

"रेकॉर्डिंग आहे ना साहेब."

"रेकॉर्डिंग मी ऐकलं. हे कर्ज यांच्यावर येत नाही, असं फोनवर यांना सांगितलेलंही ऐकू आलं नाही. कागद?"

कागद नव्हता.

मग अधिकारी कुजबुज्यांकडे वळले. आवाज मऊ झाला होता. "आजोबा, मला एक कळत नाही. कर्ज तुमचं नाही हे तुम्हाला ठाऊक होतं. मग असं का म्हणालात? त्या बाईंनी म्हणायला लावलं का?"

"नाही साहेब," कुजबुजे म्हणाले. "तिचा दोष नाही." आणि जगातली सगळ्यात साधी गोष्ट सांगावी तसं म्हणाले, "ती अडली होती."

अधिकाऱ्यांना ते समजलं नाही. मी समजावून सांगायला तोंड उघडलं, पण त्यांनी हाताने थांबवलं आणि खाली बघून लिहायला लागले.

निकाल कुजबुज्यांच्या बाजूने लागला. भावाच्या कर्जाशी त्यांचा संबंध नाही, त्यांच्याकडून घेतलेले हप्ते परत करावेत, आणि यापुढे त्यांना किंवा लॉन्ड्रीत फोन करू नये. पैसे आले, त्यातून भाडं चुकतं झालं, घरमालकाचा भाचा दुसरीकडे राहायला गेला. दारावरचं वळणदार 'कुजबुजे' जागच्या जागी राहिलं. दादांचा म्हणून टीव्ही कंपनीची माणसं हातगाडीवरून घेऊन गेली. लॉन्ड्रीवाल्याने जिन्यात एका बाजूने हात लावला. जिथे टीव्ही होता तिथे भिंतीवर दाराएवढा उजळ चौकोन उरला.

खोली वाचली. फोन गप्प झाला.

मी ठरवलं, रोज सकाळी आपण फोन करायचा. करायला लागलेही. पण दोन म्हातारी माणसं रोज काय बोलणार?

"कसे आहात?"

"बरा आहे."

"जेवलात?"

"जेवलो. तुम्ही?"

"मीही."

मग शांतता. ती विरामाची नव्हती आणि विसरल्याचीही नव्हती. संहिताच नव्हती. त्यांच्याकडून इस्त्रीच्या वाफेचा सुस्कारा ऐकू यायचा, माझ्याकडून घड्याळ. मग कुणीतरी म्हणायचं, ठेवतो, किंवा, ठेवते.

असं कितीतरी दिवस चाललं. एका सकाळी मी ठेवते म्हणणार, तेवढ्यात ते म्हणाले, "बाई, रागावू नका."

"बोला."

"तुम्ही आठवणीने फोन करता. बरं वाटतं. पण..." ते अडले. मी काही पुरवलं नाही. ते काम माझं नव्हे. बऱ्याच वेळाने म्हणाले, "ती निदान काहीतरी मागायची. तुम्ही काहीच मागत नाही."

मी रिसीव्हर धरून खिडकीपाशी उभी होते. घरातलेच कपडे, केस विस्कटलेले, कानात काहीही नाही. तरी माझा डावा हात वर गेला.

"कुजबुजे," मी म्हणाले, "माझा हात कानातल्यावर आहे."

तिकडे स्टूल सरकल्याचा आवाज आला. कुठलं नाटक, कुठला अंक, त्यांनी विचारलं नाही. एक श्वास ऐकू आला, पोटातला. आणि मग माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही ऐकू गेलं नसतं, असं:

"दार लावू नका."

"दार लावू नका," मी म्हणाले, मोठ्याने, खिडकीबाहेर जाईल असं. समोरच्या घरातल्या बाईने वर पाहिलं. मी हात तसाच कानाशी धरून थांबले. पुढचं वाक्य मला येत होतं. तरी त्यांच्याकडून येईपर्यंत मी थांबले.